फ्रिक्वेन्सी नव्हे, फेऱ्या

महोदय,
'लोकलची फ्रिक्वेन्सी वाढणार' हे आपल्या अंकातील बातमीचे शीर्षक खटकले. फलाटावर उभ्या माणसाला जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की गाडी किती मिनिटांनी येणार. दर तीन मिनिटांनी गाडी म्हणजे तासाला २० फेऱ्या. तिथे 'फेऱ्या वाढणार' पुरेसे होते. या इंग्रजी शब्दाचे अर्थ मराठीने नीट वेगळे केले आहेत. आपल्याकडे घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, म्हणजे ५० हर्ट्झ, ती कंप्रता. मराठी विश्वकोशात हाच शब्द आहे. एखादी गोष्ट किती वेळा आढळली, ती वारंवारता. तिची सारणी तर शाळेतली मुलेही मांडतात. बातम्यांतही हे शब्द दिसावेत, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक, डोंबिवली