पागोळ्यांखालची बादली

प्रिय सखे,

सप्रेम. काल रात्री उशिरा गोव्याहून परतलो. बॅग अजून उघडलेली नाही, ओले कपडे तसेच पिशवीत आहेत, पण आधी तुला लिहायला बसले. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

आम्ही निघालो होतो मंगेशीला. पणजीहून फोंड्याच्या रस्त्याला लागलो आणि जुन्या गोव्यात टायर बसला. वर पावसाचा जोर. हे चाक बदलायला उतरले आणि मला म्हणाले, "तू उगीच भिजू नकोस, कुठंतरी आडोशाला थांब." मी छत्री उघडली आणि समोरच्या चढाने चालत सुटले. बासिलिका, से कॅथेड्रल आणि तिथली सगळी गर्दी खालीच राहिली. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. एका हाताला ऑगस्टिनियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या चर्चचा तुटका मनोरा, मूळचा ४६ मीटर उंच, भोवती नुसती जोती आणि लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा. आणि समोर सांता मोनिका, म्हणजे त्याच पंथाच्या जोगिणींचा, ख्रिस्ती संन्यासिनींचा, मठ.

लांबून किल्लाच वाटतो. तीन मजले, जांभ्याच्या जाडजूड भिंती, त्यांना बाहेरून दगडी टेकू. मी दाराशी छत्री झटकत उभी होते, तर आतून एक सिस्टर म्हणाल्या, "भितर यो, बाई." साठीच्या असतील. मी नुसता पाऊस थांबेपर्यंत थांबणार होते. त्या मला थेट आतल्या चौकापर्यंत घेऊन गेल्या.

सखे, तो तुझा वाडाच गं! मधोमध चौक, चारी बाजूंनी कमानींचे सोपे, वर माड्या. फक्त सगळं दसपट मोठं. चौकातल्या बागेला जुन्या जोगिणींनी 'लिलींचं खोरं' असं नाव दिलं होतं म्हणे. पावसाने हिरवा रंग इतका दाट झाला होता की सोप्यातल्या पांढऱ्या चुन्यावरही हिरवट उजेड पडला होता. जांभ्याच्या एकेका भोकात नेच्याचं इवलंसं पान. मी बोट लावून पाहिलं, दगड चक्क कोमट होता.

सिस्टरांनी हळूहळू सांगितलं, काही मी तिथल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात वाचलं. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यांनी १६०६ मध्ये हा मठ स्थापला. बांधकाम १६२७ मध्ये पुरं झालं, १६३६ मध्ये आग लागून जळालं आणि लगेच पुढच्या वर्षी पुन्हा उभं केलं. बाईमाणसांसाठीचा असा मठ पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या मुलखात त्याआधी नव्हता. आत आलेली बाई पुन्हा बाहेर पडायची नाही. अशा बंदिस्त मठांत भेटीला आलेल्या भावाशीही जाळीआडून बोलायचं, आणि सामान आत घ्यायचं ते भिंतीतल्या फिरत्या लाकडी कपाटातून, म्हणजे देणाऱ्याचा हातसुद्धा दिसू नये. तुला राग येईल, मलाही आला. सगळ्याच जणी आपल्या मर्जीने आल्या असतील हे मला पटत नाही. पण त्याच चौकात उभं राहून हेही वाटलं की कितीतरी जणींना लिहायवाचायला, गायला, आपला कारभार आपण बघायला इथेच मिळालं असेल. दोन्ही गोष्टी मनात घेऊनच मी तिथे फिरले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते सांगते. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक पंथ बरखास्त केले. समोरच्या साधूंना १८३५ मध्ये बाहेर काढलं. जोगिणींना मात्र राहू दिलं, पण नवी मुलगी घ्यायची नाही या अटीवर. म्हणजे घरात माणसं आहेत, पण पुढे कुणी येणार नाही हे ठरलेलं. एकेकाळी शंभर जणींचं असलेलं ते घर एकेक करत रिकामं होत गेलं. शेवटची जोगीण वारली १८८५ मध्ये. पन्नास वर्षं, सखे! किती खोल्यांना कुलपं लागली असतील, संध्याकाळी किती दिवे कमी कमी होत गेले असतील.

आणि समोर काय झालं? साधू गेले, आणि सातच वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचं छत कोसळलं. दर्शनी भिंत १९३१ मध्ये पडली. तिथली घंटा आज पणजीच्या चर्चवर वाजते. इकडचा मठ मात्र उभा आहे, कारण शेवटपर्यंत कुणीतरी तिथे केर काढत होतं, खिडक्या लावत होतं. निदान मला तरी असंच वाटतं. १९६४ पासून तिथे पुन्हा सिस्टर राहतात आणि शिकतात.

चौकाच्या कडेला पागोळ्यांखाली एक पत्र्याची बादली होती. सिस्टर वाकल्या आणि तिच्या तळाशी त्यांनी ओलं फडकं अंथरलं. मी विचारलं, हे कशाला? तर वर बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "मुली अभ्यास करतात." मला एकदम तुझी आई दिसली. माडी गळायची तेव्हा ती घंगाळात असंच फडकं घालायची, आपण दोघी परीक्षेला बसलो होतो तेव्हा. थेंब पडायचे, पण आवाज नाही.

मागच्या खेपेला तुझा भाऊ म्हणाला, एकट्या बाईला एवढा वाडा कशाला, विकून मोकळी हो, आणि मीही त्याचीच री ओढली. ते मी मागे घेते. तू काय ते तुझं ठरव, पण माझं ते मत धरू नकोस. त्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस, उठून दिवा लावायला गेलीस, ते मला चौकात उभी असताना आठवलं आणि फार वाईट वाटलं.

श्रावणात येते, चांगली आठ दिवस. माजघराशेजारची खोली उघडून ठेव. कुलूप गंजलं असेल तर आजच तेल सोड.

तुझीच,
मैत्रीण