आधी माहुली, मग यवतेश्वर

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

भाऊबीज झाली की तुम्ही दोघं इकडे येणार हे पक्कं झालं, आता मागे फिरायचं नाही. परवा फोनवर बाबांनी "मी कासपर्यंत सायकल हाणणार" असं जाहीर केलं आणि मागून आई ओरडली, "यांना आवर गं!" दोघांना एकाच वेळी काय उत्तर देणार? म्हणून हे पत्र. बाबा, मोठ्याने वाचा. यात आईच्याही वाट्याचं बरंच आहे आणि ते तुम्ही गाळून वाचाल अशी मला दाट शंका आहे.

बाबा, सोलापुरात रोज सकाळी सात रस्त्यावरून कंबर तलाव आणि पुढे विजापूर रोडला तुमची फेरी असते. या वयात ते कमी नाही, मी सगळ्यांना कौतुकाने सांगते. पण तो रस्ता पाटासारखा सपाट आहे. साताऱ्यात सायकलवाला दुसऱ्या सायकलवाल्याला "किती किलोमीटर?" असं आधी विचारत नाही. "कुठल्या अंगाला?" असं विचारतो. पूर्वेला निघालात तर उतरत उतरत कृष्णाकाठ. पश्चिमेला निघालात तर गाव संपायच्या आत घाट. वीस किलोमीटर इकडचे आणि वीस किलोमीटर तिकडचे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून मी पूर्वेकडून सुरुवात करणार आहे आणि कास अगदी शेवटी.

तुमची एसटी पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत येईल. कोरेगाव सोडलं की जरंडेश्वराचा डोंगर दिसेल, मग माहुलीला कृष्णेवरचा पूल. तेव्हा डुलक्या काढू नका, कारण पहिल्या दिवशी आपण तिथेच जाणार आहोत. आमच्या सदर बझारातून निघायचं, बॉम्बे रेस्टॉरंट चौकात हायवेच्या पुलाखालून पलीकडे, कृष्णानगर, की पुढे संगम माहुली. जेमतेम पाच किलोमीटर. त्या चौकात मात्र सायकलवरून उतरायचं आणि हातात धरून पलीकडे जायचं, तिथे हिरोगिरी नको. साडेसहाला निघालो तर शाळेच्या बसेस सुरू व्हायच्या आत आपण घाटावर असू.

माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. नदीवर दगडी घाट, काठाला विश्वेश्वर आणि पलीकडे रामेश्वर. रामशास्त्री प्रभुणे इथले. येसूबाईंची समाधी इथेच आहे. आणि आमच्या छोटीचं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी. वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. ती गोष्ट ती तुम्हाला सांगेलच, दर वेळी वाघ थोडा मोठा होतो. जाताना उतार लागतो म्हणून बाबा तुम्हाला वाटेल, हे तर काहीच नाही. येताना तोच उतार चढ होतो. फार नाही, पण गिअर कधी बदलायचा हे शिकायला अगदी पुरेसा.

आता आई. तू येणार आहेस. कट्ट्यावर बसून आमच्या पिशव्या सांभाळायला नाही, सायकलवर. शाळेत असताना मामाची सायकल मधल्या दांड्यातून पाय घालून चालवायचीस हे तूच सांगतेस ना? तोल एकदा आला की जात नाही. शेजारच्या काकूंची बॅटरीची सायकल दोन-चार दिवसांसाठी मागून ठेवली आहे. पॅडल आपणच मारायचं, मोटर नुसती मागून ढकलल्यासारखी मदत करते. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर लायसन लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही. "लोक काय म्हणतील" हा मुद्दा निकालात काढलेला आहे, कारण काकू स्वतः मंडईत त्याच सायकलवर जातात. साडी नको, पंजाबी ड्रेस घाल, आणि ओढणी घरी ठेव. चेनमध्ये किंवा चाकात ओढणी गेली तर काय होतं ते मी पाहिलं आहे, इथे लिहीत नाही. अंबाडाही नको, हेल्मेट बसत नाही. वेणी घाल. आधी आमच्या गल्लीत संध्याकाळी दोन चकरा, ब्रेक कुठला पुढचा, कुठला मागचा हे हाताला कळेपर्यंत, आणि मगच माहुली.

माहुली जमली की लिंब. तिथली बारा मोटेची विहीर तुम्हाला दाखवायचीच आहे. शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधली, एका वेळी बारा मोटा चालायच्या, आणि पायऱ्या उतरून गेलं की विहिरीतच महाल आहे. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. चढ म्हणाल तर किरकोळ. पण लिंब फाट्यापर्यंत हायवे सोबत असतो, आणि पुण्याला निघालेल्या गाड्यांना सायकल दिसत नाही. सेवा रस्ता जिथे आहे तिथे तोच धरायचा. फाट्यावरून आत वळलं की ऊसच ऊस, सावली, शेणाचा आणि ओल्या मातीचा वास. फक्त तुम्ही याल तेव्हा कारखाने सुरू होण्याच्या बेतात असतील. ऊस भरलेली दोन-दोन ट्रॉल्यांची ट्रॅक्टरं या रस्त्यांवर असतात. मागची ट्रॉली वळणावर आत खेचली जाते, पुढचा ड्रायव्हर कितीही भला असला तरी. ट्रॅक्टर मागून आला की सरळ कडेला थांबायचं. त्याला वाट द्यायची, त्याच्याशी शर्यत लावायची नाही. बाबा, हे तुम्हाला उद्देशून आहे.

मधल्या अवघडपणाचे दोन रस्ते आहेत. एक मोळाच्या ओढ्यावरून कोंडव्याहून मेढ्याकडे जातो. कण्हेर धरणाच्या कडेने चढ-उतार, चढ-उतार, कुठेच फार नाही, पण पाय मोकळे सोडता येत नाहीत. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं. आपण मेढ्यापर्यंत जायचं नाही, पाणी दिसलं, चहा झाला की माघारी. दुसरा बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाकडे. उरमोडी धरणाच्या अंगाने रस्ता जातो आणि समोर गड दिसत राहतो. पायथ्यापर्यंत बाबा आणि मी सायकलवर, आई आणि छोटी तुमच्या जावयांबरोबर गाडीतून. गडाचा चढ गाडीतूनच चढायचा, त्यात कमीपणा नाही, पुढे पायऱ्या आहेतच. समर्थांच्या समाधीचं दर्शन आणि दुपारचा महाप्रसाद. त्यातल्या गव्हाच्या खिरीसाठी मी एरवीही गडावर जायला तयार असते. पलीकडचा बोरणे घाट, ठोसेघर, चाळकेवाडीची पवनचक्क्यांची पठारं, हे इथल्या पोरांचं रविवारचं काम. ती पहाटे निघतात आणि पोह्यांच्या वेळेला परत येतात. आपण त्यांना हात करायचा.

आणि आता यवतेश्वर.

बाबा, समर्थ मंदिरापासून घाट लागतो. सहाएक किलोमीटरवर यवतेश्वर. या घाटात दर वर्षी पावसाळ्याच्या शेवटी शेवटी माणसं हिल मॅरेथॉन पळतात, आणि रोज सकाळी निम्मं सातारा चालायला येतं. तुमच्यापेक्षा मोठी माणसं काठी घेऊन चढताना दिसतील. म्हणजे घाट काही राक्षस नाही. पण सपाटीवरचा सायकलवाला इथे एकच गोष्ट करतो. पहिल्या वळणापर्यंत नेहमीच्या जोरात जातो आणि दुसऱ्या वळणाला धापा टाकत उतरतो. तर पहिल्या वळणाच्या आधीच सगळ्यात हलका गिअर टाकायचा. पुढची लहान चकती, मागची मोठी. पाय भरभर फिरले पाहिजेत, गुडघ्यावर जोर नाही आला पाहिजे. उभं राहून पॅडल मारायचं नाही. आणि दम किती, याचं माप एकच. माझ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुम्ही एका शब्दाची उत्तरं द्यायला लागलात की मी थांबणार. कठडे आहेत, खाली सगळं सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसतो, थांबायला कारण द्यायची गरज पडत नाही. माकडं फार आहेत, खाऊची पिशवी हँडलला अडकवायची नाही.

उतरताना मला जास्त काळजी असते. पावसानंतर दरडीचे बारीक दगड वळणावर पडलेले असतात, ते चढताना दिसतात, उतरताना दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. दोन्ही ब्रेक, थोडे दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात ब्रेक दाबला की चाक सरकतं. तुमच्या जुन्या सायकलवर तुम्ही मागचाच ब्रेक वापरता हे मला माहीत आहे. गल्लीतल्या सरावाला आईबरोबर तुम्हीही आहात.

यवतेश्वरला पोचलं की माणसाला वाटतं, कास आलंच. नाही आलं. कास साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर आणि साडेचारशे-पाचशे मीटर उंच. म्हणजे घाट चढल्यावरही पाऊण वाट उरते, आणि तीही लाटांसारखी, उतरलेलं परत चढायला लावणारी. पण हा साताऱ्याचा सगळ्यात देखणा रस्ता, हे माझं ठाम मत. डोंगराच्या सोंडेवरून जातो. एका अंगाला खाली कण्हेरचं पाणी, दुसऱ्या अंगाला उरमोडीचं. आदल्या दिवसांत ज्या काठांनी आपण गेलेले असू, ते दोन्ही वरून एकाच फेरीत दिसतात. म्हणूनच हा रस्ता मी शेवटी ठेवला आहे, नुसता अवघड म्हणून नाही.

फुलं मात्र नसतील, आई. तेरडा, सीतेची आसवं, गेंद हे सगळं ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. २०१२ साली सह्याद्री जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासचं पठारही आलं. आता फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेत सायकल घालणं म्हणजे धूर खायला जाणं. तुम्ही याल तेव्हा गवत पिवळं पडायला लागलेलं असेल, हवा स्वच्छ आणि रस्ता रिकामा. सायकलसाठी मला तेच दिवस आवडतात. फुलं पाहायला पुढच्या वर्षी मधल्या वारी या, गाडीने जाऊ.

बेत असा. बाबा आणि मी यवतेश्वर चढणार, वर नाश्ता करणार. तिथे बाबांचा आवाज, चेहरा आणि बीपी बघून ठरवणार. ठीक असेल तर पुढे कास तलावापर्यंत जायचं. आई गाडीतून मागे येईल आणि शेवटच्या टप्प्यात तलावाजवळ तिची सायकल खाली काढू. ठीक नसेल तर यवतेश्वराचं दर्शन घेऊन खाली. पलीकडे बामणोलीला कोयनेच्या पाण्यापर्यंत रस्ता उतरतो, तो विषय काढायचाच नाही. तिथून परत चढून यावं लागतं.

येण्यापूर्वी दोन कामं. बाबा, डॉक्टरांना भेटा, आणि "सायकल चालवू का" असं विचारू नका, ते हो म्हणतील. "घाट चढू का" असं विचारा. बीपीच्या गोळ्या जास्तीच्या घ्या. तुमची सायकल एसटीच्या टपावर टाकून आणायची नाही. जावयांची गिअरची सायकल तुमच्यासाठी तयार करून ठेवते आहे, फक्त सीट लावायला माप हवं. तुमचा गुडघा दुखतो त्याचं निम्मं कारण तुमची सीट खाली आहे, हे मी पूर्वीही बोलले आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड वही मांड्यांमध्ये घट्ट वर धरायची, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. त्या आकड्याला ०.८८ ने गुणलं की पॅडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. आईचंही माप असंच घ्या. बाबांचं माप आईने घ्यावं, बाबांनी स्वतः नाही, ते दोन सेंटीमीटर वाढवून सांगतात. आकडे व्हॉट्सॲपवर रविवारच्या आत पाठवा, त्या दिवशी जावयांना सुट्टी आहे.

तुमची,
मोठी