‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी लॅपटॉपची डिस्क पाहा

मा. संपादक महोदय,

जून उजाडला की दाखल्यांची गर्दी सुरू होते आणि गावोगावच्या सेवा केंद्रांवर एकच वाक्य ऐकू येतं, ‘‘सर्व्हर डाऊन हाये भाऊ, उद्या या.’’ सर्व्हर अधूनमधून खरोखरच बसतो, त्यात वाद नाही. पण टेबलावरचा लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं खात असेल आणि वर्डची साधी फाइलही ताटकळत उघडत असेल, तर त्यात सर्व्हरचा काय संबंध? तो दोष लॅपटॉपच्या पोटातल्या फिरत्या हार्ड डिस्कचा. शाळा, ग्रामपंचायती आणि सेवा केंद्रांत अशी कितीतरी यंत्रं ‘डबा झाली’ म्हणून कोपऱ्यात पडतात. त्यातली बरीचशी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी, न फिरणारी डिस्क) टाकून आणखी काही वर्षं सुखाने चालतील. मात्र काम क्रमाने आणि डोळसपणे व्हायला हवं, म्हणून हे पत्र.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटं झाल्यावरही ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के दिसत असेल आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कसमोर एचडीडी, म्हणजे हार्ड डिस्क, लिहिलेलं असेल, तर रोग सापडला. मेमरीच ९० टक्क्यांच्या वर असेल तर आधी रॅम ४ जीबीवरून ८ करा, किंवा दोन्ही कामं सोबतच उरका.

लॅपटॉपमधली बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते. हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत १५ मिलिसेकंदांच्या आसपास जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर ठिकाणची माहिती मिळते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीक फायली मागतं, त्यातच अँटिव्हायरस आणि अपडेटही हात पसरून उभे असतात. रेकॉर्ड रूममध्ये एकच शिपाई आणि तो एका वेळी एकच फाइल आणणार, तशी गत. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिथे हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने होतं. साटा (जुन्या हार्ड डिस्कचीच जोडणी वापरणाऱ्या) एसएसडीचा वाचनाचा वेग सेकंदाला ५०० ते ५५० एमबी सांगतात, पण रोजच्या कामात जाणवतो तो फरक या बारीक फायलींचा. म्हणूनच दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपलाही महागडी एसएसडी लागत नाही.

खरेदीआधी लॅपटॉपच्या तळावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून घ्या. जुन्या यंत्रात अडीच इंची साटा डिस्क असते, तिच्या जागी तशीच एसएसडी बसते. २०१८ नंतरच्या अनेक लॅपटॉपांत मात्र हार्ड डिस्कच्या जोडीला एम.टू. ही चपटी जागा रिकामीच ठेवलेली असते. तिथे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब अशी ‘२२८०’ पट्टी बसते. त्यावर विंडोज टाकायचं आणि जुनी डिस्क सुस्थितीत असेल तर डेटासाठी तशीच ठेवायची, हा सगळ्यात सोयीचा मार्ग. पण इथेच पैसे वाया जातात. एम.टू. पट्टी साटाची असते किंवा एनव्हीएमई या नव्या, जास्त वेगवान जोडणीची. साटावाल्या पट्टीला बहुधा दोन खाचा, एनव्हीएमईला एक. तुमच्या लॅपटॉपची जागा यातलं काय स्वीकारते ते त्याच मॉडेलच्या पुस्तिकेत पाहा. पट्टी नीट बसली म्हणजे ती चालेलच असं नाही. आणि काही स्वस्त लॅपटॉपांत डिस्क बोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही.

२५६ जीबी पुरते. विंडोजमध्ये ती २३८ दिसते आणि २४० ची २२३, म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. फसवणूक होते ती वेगळीच. बिनबिलाची, नाव न ऐकलेली ‘एक टीबी’ची एसएसडी प्रत्यक्षात चिमूटभर क्षमतेची निघते आणि भरत आली की जुन्या फायली खाऊन टाकते. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्याच.

आता डेटा. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची तब्येत पाहा. पिवळा ‘कॉशन’ दिसला, म्हणजे खराब सेक्टर निघाले, तर क्लोन (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करण्याच्या भानगडीत पडू नका. क्लोन अर्ध्यात अडकतो आणि मरायला टेकलेली डिस्क त्या धावपळीतच मरते. अशा वेळी कामाच्या फायली आधी बाहेर काढा आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन यावर भागतं. मूळ विंडोज अधिकृत असेल तर डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, नवी ‘की’ विकत घ्यावी लागत नाही. ती विकणाऱ्याला कारण विचारा.

नव्याने टाकताना सेवा केंद्रांची नेहमीची तारांबळ होते ती अशी : बोटाच्या ठशांच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (आधार पडताळणीसाठी लागणारा प्रोग्रॅम) आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. सही टोकनमध्येच असते, ती जात नाही. कृतिदेव, श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वेगळे उतरवून घेतले नाहीत, तर ग्रामसभेचे जुने ठराव उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ब्राउझरमधले पासवर्ड आणि टॅलीचं डेटा फोल्डरही आठवणीने घ्या.

डिस्क निरोगी असेल तर क्लोन बरा. एसएसडी साटा-यूएसबी केबलने जोडा, शक्यतो निळ्या यूएसबी ३ पोर्टला. १५० जीबी डेटा तिथे अर्ध्या तासाच्या आसपास उतरतो, जुन्या यूएसबी २ ला सव्वा तास तरी धरा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी बंद करा, निदान त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. आणि आपल्याकडची खास अडचण : बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो. लाइन गेली आणि इन्व्हर्टरने उचलायला क्षणभर उशीर केला की काम पाण्यात. भारनियमनाची वेळ पाहूनच सुरुवात करा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा एकटी एसएसडी लावून लॅपटॉप सुरू करा. दोन्ही डिस्कची ओळख एकच झालेली असते, त्यामुळे विंडोज एकीला बाजूला सारतं.

उघडताना चार्जर काढा. चार्जर लावल्यावर पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर घराला अर्थिंग नसण्याची शक्यता धरा. टेबलावर सुती कापड पसरा, पॉलिस्टरचा शर्ट नको. उन्हाळ्यात, हिवाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की अंगावरची स्थिर वीजही चिपला पुरेशी ठरते. कूलरच्या झोतातही बसू नका, थेंब उडतात. लहान प्लस तोंडाच्या पेचकसाने तळाचे स्क्रू काढा. एकदोन रबरी पायांखाली किंवा डीव्हीडीच्या खणात लपलेले असतात. कागदावर लॅपटॉपची चौकट काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी ठेवा, कारण लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की बोर्डाला किंवा कीबोर्डला भिडतो. झाकण बाद एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवायचं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन काढणं, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरणं.

डिस्कपासून बोर्डाकडे जाणारी चपटी रिबन ही खरी नाजूक जागा. तिच्या टोकाला काळी पट्टी असते. ती नखाने हलकेच वर उचलायची आणि मग रिबन सरळ मागे सरकवायची. थेट ओढली की पट्टी मोडते. ‘एसएसडी दिसतच नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत पुष्कळदा एसएसडी ठणठणीत असते, रिबन तिरपी बसलेली असते. जुनी डिस्क साडेनऊ मिमी जाडीची आणि एसएसडी सात मिमीची असेल तर मधे प्लास्टिकची चौकट घाला, नाहीतर ती आत हलते. झाकण उघडलंच आहे तर पंख्यात साचलेली कापसाची तूसही ब्रशने काढा. सरकी-जिनिंगच्या गावांत ती गादीसारखी निघते. ब्रश मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

सुरू केल्यावर निळा पडदा आला तर लगेच नव्याने विंडोज टाकू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटाचा प्रकार एएचसीआय आणि रेड यांत चुकून बदलला असेल तर तो पूर्ववत करा. एसएसडी चालू लागली की तिला डीफ्रॅग करणारे (विखुरलेल्या फायली सलग लावणारे) ‘ट्यूनअप’ प्रोग्रॅम लावू नयेत, विंडोज आपलं आपण ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा कोणती ते एसएसडीला कळवतं. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा.

एक मर्यादाही सांगायला हवी. विंडोज १० ला असलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्याहून जुनं यंत्र शाळेत टायपिंग आणि ब्राउझरपुरतं हवं असेल तर एसएसडीवर लिनक्स टाका. बँकेचे आणि आधारचे व्यवहार त्यावर करायचे असतील तर खर्च करण्याआधी दोनदा विचार करा. बाकीच्या यंत्रांचा जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखनाचा (निकामी म्हणून नाव कमी करण्याचा) प्रस्ताव पाठवण्याआधी एवढी चाचणी घ्यावी, ही मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती.

राहिली काढलेली डिस्क. ती दुकानात सोडून येऊ नका. सेवा केंद्राच्या डिस्कवर अख्ख्या गावाचे आधार, पासबुकं आणि सातबारे असतात, आणि ‘डिलीट’ केलेलंही परत काढता येतं. ती चांगली असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी वापरा. कपाटात पडून राहणाऱ्या बॅकअपला ती एसएसडीपेक्षा बरी : वापरून झिजलेल्या एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत वर्षभर डेटा टिकवावा एवढीच जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेची अपेक्षा आहे, आणि आपल्या टिनाच्या खोलीत मे महिन्यात पारा कुठे जातो ते सांगायला नको. डिस्क दुसऱ्याला द्यायची असेल तर ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. खराब असेल तर पोत्यात गुंडाळून मगच हातोडा मारा, लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा काचेची असते.

आपला,
एक वाचक (संगणक दुरुस्ती व्यावसायिक)
ता. दर्यापूर, जि. अमरावती