स्लिपमधली नजर

बडोदे, जानेवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

बाबा हल्ली रविवारी पहाटे कोणाबरोबर जातात, असे तू फोनवर विचारलेस आणि आईने ते अर्धवटच सांगितले, म्हणून सविस्तर लिहितो. शाळा बुडवून मोतीबागेच्या क्रिकेट मैदानावर ज्यांचे स्लिपमधले, म्हणजे यष्टिरक्षकाच्या बाजूला उभे राहून घेतलेले, झेल मी पाहत असे, तेच हे गृहस्थ. त्यांचे नाव आपल्या घरात इतक्यांदा निघाले आहे की ते येथे लिहायला नको. तुझ्या आजोबांकडे सांगायला विजय हजारे आणि गुल महंमद यांची १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यासाठी केलेली ५७७ धावांची भागीदारी होती. आमच्या पिढीला मात्र झेलांवरच समाधान मानावे लागले, कारण १९५७-५८ नंतर बडोद्याने रणजी करंडक जिंकला तो थेट २०००-०१ मध्ये.

गाठ पडली ती डभोईजवळच्या वढवाणा तलावावर. सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे आणि हिवाळ्यात तेथे हजारो पाणपक्षी उतरतात. बांधावर ते भलीमोठी दुर्बीण डोळ्यांना लावून वैतागलेले उभे होते. ओळख पटताच माझ्या तोंडून शब्द फुटेना, त्यांनीच विचारले, "अहो, यातून सगळे हलतच राहते, तुमचेही तसेच होते का?" दुर्बीण २० बाय ५० ची होती, म्हणजे वीस पट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची. चित्र वीस पट जवळ येते, तसा हाताचा कंपही वीस पट वाढतो, एवढे सांगून मी माझी ८ बाय ४२ ची त्यांच्या हाती दिली. लहानपणी ज्यांच्याकडे सही मागण्याचे धाडस झाले नाही, त्यांना फोकसचे चाक कसे फिरवावे हे मी शिकवत होतो! झेल घेताना कधीतरी मोडलेले त्यांचे उजव्या हाताचे मधले बोट सांध्यातून वाकडे आहे, त्यामुळे ते चाक अंगठ्याने फिरवतात.

गंमत अशी की पक्षी आधी त्यांना दिसतो आणि नाव मला सांगता येते. दुसऱ्या स्लिपमध्ये उभे राहणाऱ्याने चेंडूमागे न जाता बॅटच्या कडेवर नजर ठेवायची असते, असे ते म्हणतात, आणि पाणकणसाच्या कडेवरही ते तशीच नजर लावून बसतात. मी मात्र दुर्बीण उगाच इकडून तिकडे फिरवत असतो. पट्टकादंब या हिवाळी पाहुण्या हंसाच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे त्यांनी एकदा पाहिले ते कायमचे. बदकांच्या तपकिरी माद्या मात्र अजून छळतात, तेव्हा ते वही काढून मला "गुरुजी, ही कोणती?" असे विचारतात आणि मी संकोचून जातो. क्रिकेटचा विषय काढला तर धरलेले झेल आठवत नाहीत म्हणतात, सुटलेले तेवढे गोलंदाजाच्या नावासकट सांगतात. मला ते पटत नाही, पण मी वाद घालत नाही.

मार्चमध्ये पक्षी परतू लागतात, म्हणून होळीच्या आधी ये. त्यांच्यासाठी ८ बाय ४२ ची बरी दुर्बीण पुण्यात पाहून किंमत कळव. ते पैसे दिल्याखेरीज घेणार नाहीत. तुझ्याविषयी त्यांना सांगितले आहे, आणि पहाटे साडेपाचला निघावे लागते हे तुला आताच सांगून ठेवतो.

तुझे,
बाबा