डार्विन, कुंभारीण आणि गळ्यातली माळ

प्रिय सई,

काल फोनवर तू विचारलंस आणि मी म्हटलं लिहून सांगते, कारण या विषयावर फोनवर बोलायला लागलो की आपण दोघी एकमेकींना तोडून बोलतो आणि मुद्दा बाजूलाच राहतो. तुझं म्हणणं असं की आई तू शाळेत दहावीला आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा शिकवतेस, अवशेषांगं, जोडणारे दुवे, सगळं जीव तोडून शिकवतेस, आणि घरी येऊन एकादशी करतेस, गळ्यात माळ आहे, आषाढीला वारीत चालतेस, मग यातलं तुझं खरं कुठलं?

दोन्ही खरं आहे गं. पण ते नुसतं म्हणून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. तुझ्या गळ्यातली माळ ठेवायची की काढायची हेही तू विचारलंस, त्यावर शेवटी येते.

उत्क्रांतीच्या बाबतीत मला काहीच सांभाळून घ्यायचं नाहीये. ती झाली आणि अजून चालू आहे. तू झूऑलॉजी करतेस, तुला पुरावे सांगायची गरज नाही, पण मला स्वतःला सगळ्यात जास्त भिडलेला पुरावा गुणसूत्रांचा, म्हणजे पेशीतल्या त्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांचा. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना ४८ आणि आपल्याला ४६, आणि आपलं दोन नंबरचं गुणसूत्र वाचलं तर जे तुकडे फक्त टोकाला असायला हवेत ते मध्येच सापडतात, म्हणजे दोन गुणसूत्रं जोडली गेल्याची खूण तिथे बसलेलीच आहे. हे बघून कोणी म्हणालं की माणूस वेगळाच घडवलाय, तर मी ते मान्य करणार नाही, मग समोर कितीही मोठा माणूस असो. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून त्याला लगेच उत्तर दिलं ते बरं झालं. आणि २०२३ मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेने, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा १८०० च्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात तो धडा आहे आणि तो मी एक ओळही न गाळता शिकवते, माळ घालून शिकवते.

आता काकांचं ते फॉरवर्ड. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, म्हणजे आधी पाण्यातला, मग पाण्यातला-जमिनीवरचा, मग जमिनीवरचा, म्हणजे डार्विनच्या आधी आपल्याला सगळं माहीत होतं. तू चिडलीस ते समजू शकते. मला राग येत नाही पण वाईट वाटतं, कारण काकांना वाटतं यामुळे धर्माचा मान वाढतो आणि होतं उलटंच. ही जुळवणी जुनी नाहीच मुळात. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ ला, आणि थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७७ मध्ये, मग १८८२ च्या सुमाराला बंगालात ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी हे असं लावून दाखवलं. त्याआधीच्या शेकडो वर्षांत दशावतार वाचणाऱ्या कोणाला त्यात उत्क्रांती दिसली नव्हती. आणि ती बसतही नाही. वराह हा सरळसरळ सस्तन प्राणी, वामनापुढे तर सगळे माणूसच, झाडं कुठेच नाहीत, आणि मुख्य म्हणजे उत्क्रांती ही अशी एकावर एक पायरी चढत माणसापाशी येऊन थांबत नाही, आजचा मासाही आपल्याइतकाच काळ बदलत आलाय. आपल्याकडे महाराष्ट्रात तर काही देवळांत आणि पंचांगांत नवव्या अवताराच्या जागी बुद्धाऐवजी विठोबा असतो. तो कुठल्या पायरीवर बसवायचा? तो तिथे आहे कारण लोकांना तो तिथे हवा होता, त्यांचं त्याच्यावर प्रेम होतं. दशावताराचं सांगणं ते आहे, की जग संकटात आलं की तो येतो, ज्या रूपात लागेल त्या रूपात येतो. त्याला जीवशास्त्राचं सर्टिफिकेट लावायला गेलो की देव शास्त्रज्ञांच्या पुढच्या पेपरवर अवलंबून राहणार.

मला यापेक्षा कुंभारीण माशी जास्त उपयोगी वाटते. आपल्या मागच्या पडवीत मीटरच्या बॉक्सखाली ती मातीचं गाडगं बांधते ना, तीच. लहानपणी तू एक फोडलं होतंस, आत हिरव्या अळ्या होत्या, मेलेल्या वाटत होत्या पण काडी लावली की किंचित हलायच्या, आणि छताला बारीक धाग्याने लटकलेलं एक अंडं. कीर्तनात तू ऐकलंयस, अळी भृंगीचा, म्हणजे या कुंभारणीसारख्या माशीचा, ध्यास घेते आणि ध्यास घेता घेता भृंगीच होते, तसा भक्ताने देवाचा ध्यास घ्यावा. संतांचा हा अगदी लाडका दाखला. जुन्या लोकांचं निरीक्षण चुकलं नव्हतं बघ, अळी आत जाते आणि काही दिवसांनी माशी बाहेर येते हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं. त्यांना अंडं दिसलं नव्हतं एवढंच. कुंभारीण आधी अंडं घालते, मग अळीला नांगी मारून लुळी करते पण मारत नाही, म्हणजे पिल्लाला ताजं खाणं मिळावं, आणि वर मातीने तोंड लिंपून निघून जाते.

मग आता त्या दाखल्याचं काय करायचं? माझ्या ओळखीत असे आहेत जे म्हणतील अळीची माशी खरंच होते, विज्ञानाला अजून कळलेलं नाही. आणि तुझ्या हॉस्टेलवर असे असतील जे म्हणतील दाखला खोटा म्हणजे भक्तीही खोटी. मला दोन्ही नको. अळीबद्दल तुझं मायक्रोस्कोप बरोबर. पण ज्याचा अखंड विचार करावा तसं माणूस होत जातं, हे मी तुझ्या आजोबांमध्ये रोज बघितलंय, आणि ते त्या अळीवर कधीच टेकलेलं नव्हतं. जुन्या ग्रंथांमधला निसर्ग त्या त्या काळाचा असतो, तो आपण दुरुस्त करायचाच, त्यात पाप नाही.

पण सई, इथे खरा अवघड प्रश्न सुरू होतो आणि तो तू अजून विचारलेला नाहीस. उत्क्रांती झाली की नाही यावरून माझी श्रद्धा कधी हलली नाही. हलली ती त्या गाडग्याच्या आतल्यावरून. डार्विनचंही तेच झालं. १८६० च्या मे महिन्यात त्याने आसा ग्रे नावाच्या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं, ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन आणि तरी अमेरिकेत डार्विनची बाजू लावून धरणारा. त्यात डार्विन म्हणतो की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम अशी माशी घडवावी जिचं पिल्लू जिवंत अळीला आतून खातं, हे मला पटवून घेता येत नाही. ती माशी आपल्या कुंभारणीहून वेगळ्या कुळातली, पण काम तेच. आणि हे लिहिणाऱ्या माणसाची दहा वर्षांची मुलगी ॲनी १८५१ मध्ये गेली होती. आपल्या तुकोबांच्या घरातही १६३० च्या आसपासच्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला. एकाचा विश्वास हळूहळू सुटत गेला, दुसरा विठोबापाशी गेला पण मुकाट्याने नाही गेला, भांडला, जाब विचारला, रागावला. मला या दोघांपैकी एकालाही चूक म्हणता येत नाही. दोघांनीही दुःखावर खोटं पांघरूण घातलं नाही म्हणून दोघंही मला जवळचे वाटतात.

आजीच्या वेळी मला सगळं माहीत होतं. कॅन्सर म्हणजे काय, पेशींमध्ये बदल होतात, जी पेशी जास्त वाढते ती टिकते, म्हणजे उत्क्रांतीचाच नियम शरीराच्या आत चाललेला असतो. देव तिला शिक्षा देतोय असं शेजारच्या काकू म्हणाल्या तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं की असं माझ्या घरात बोलायचं नाही. माझा विठोबा पेशी बिघडवत बसत नाही, आणि माझ्या नवसाने पेशी सुधारतही नाही. मग तो काय करतो असं तू विचारशील. रात्री आजीला झोप लागायची नाही तेव्हा आम्ही दोघी हळू आवाजात भजन म्हणायचो आणि ती माझा हात घट्ट धरून ठेवायची, आणि त्या वेळी आम्ही दोघीच नव्हतो एवढं मी शपथेवर सांगेन. याला पुरावा म्हणत नाही मी, तुझ्या प्रयोगशाळेत तो चालणार नाही आणि चालू नये. पण मी हे जगलेय, आणि उत्क्रांतीच्या धड्यातलं एकही वाक्य त्याला खोडत नाही, कारण तो धडा त्याबद्दल काही बोलतच नाही.

कुंभारणीचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. ते आहे असं दाखवणारे बुवा भेटतील, कर्माचा हिशोब काढून देतील, अळीचा मागचा जन्म सांगतील, त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस.

तू एकटी नाहीस हेही सांगते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा धर्मगुरू होता. जीवशास्त्रज्ञ डोबझान्स्की, ज्याचं ते उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्राला अर्थ नाही वालं वाक्य तुमच्या डिपार्टमेंटच्या भिंतीवर लावलंय, तो १९७३ च्या त्याच लेखात स्वतःला जग ही देवाची निर्मिती आहे असं मानणाराही म्हणवतो. आणि डार्विनने स्वतः १८७९ मध्ये एका पत्रात लिहिलंय की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतीवादी दोन्ही असू शकतो, यात शंका घेणंच त्याला चमत्कारिक वाटतं. त्याच पत्रात तो स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणतो, म्हणजे स्वतःची सोय बघून बोलत नव्हता.

माळेचं म्हणशील तर ती तुझी आहे. काढावीशी वाटत असेल तर काढ, पण सिलॅबसमध्ये डार्विन आला म्हणून काढू नकोस, तुझं मन त्यात उरलं नाही असं झालं तरच काढ, आणि मैत्रिणी हसतात म्हणून तर मुळीच नको. ठेवलीस तर माझ्यासाठी ठेवू नकोस. आजोबांना वाईट वाटेल, त्यांच्याशी मी बोलेन, ते तुला वाटतात तितके कडक नाहीत. काकांना मात्र फोन कर, ग्रुपवर सगळ्यांसमोर नको, आणि वराह सस्तन आहे तिथून सुरुवात कर, ते ऐकून घेतील.

परीक्षेनंतर ये. पडवीत या वर्षी तीन गाडगी आहेत, एकही फोडलेलं नाही.

तुझी,
आई