सोनूला, विमानतळावरून परत आल्यावर

प्रिय सोनू,

प्रभू येशूच्या नावात सलाम. आजोबा पत्राची सुरुवात अशीच करायचे आणि मीही आयुष्यभर तशीच केली. आज हे टाइप करताना हात जरा थांबला, पण दुसरं काही सुचेना म्हणून राहू दिलं. तुला खटकलं तर ती ओळ सोडून पुढचं वाच.

आम्ही सकाळी साडेनऊला घरी पोचलो. माळशेजमध्ये एवढं धुकं होतं की दादाने अर्धा तास गाडी बाजूला लावून ठेवली. घरी आल्यावर चहा टाकला आणि तू गेटपाशी धावत येऊन त्या सीआयएसएफवाल्याच्या खांद्यावरून दिलेली पिशवी उघडली. वजन दोन किलो जास्त झालं म्हणालीस, ठीक आहे, होतं तसं. मेतकूट होतं, शेंगदाण्याची चटणी होती, माझा निळा टॉवेल होता, आणि टॉवेलात गुंडाळलेलं शास्त्र होतं, आपलं जुनं बायबल.

मी ठरवलं होतं की या पत्रात हा विषय काढायचाच नाही. थंडीचं लिहायचं, बँकेचं लिहायचं, कान झाकून बाहेर पड म्हणायचं, बस. पण कुकर ठेवलास आणि शास्त्र काढलंस हे पाहिल्यापासून दुसरं काही डोक्यात येतच नाहीये. फोनमध्ये सगळं असतं हे मला माहितीये. आणि न सांगता बॅगेत तळाशी घातलं ही माझीच चूक, तुला विचारायला हवं होतं.

तरी ते शास्त्र कुठलं आहे ते एकदा सांगू दे, दहा वेळा ऐकलं असशील तरी. माझी पणजी 1900च्या दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, निराधार बायकामुलींच्या आश्रमात, आली, सात-आठ वर्षांची. आईबाप कोण, गाव कुठलं, तिला शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. पुढे ती तिथल्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी करत होत्या, साध्या बायकांना कळेल असं, आणि छपाईचं काम मुलीच करायच्या. पणजीच्या बोटांची टोकं कायम काळी असायची असं माझी आजी सांगायची, लग्नातसुद्धा मेंदीखाली काळी. 1922 मध्ये रमाबाई गेल्या आणि 1924 ला ते पूर्ण छापून आलं. म्हणून ते नुसतं पुस्तक नाही माझ्यासाठी. त्यातली काही अक्षरं आपल्या घरातल्या बाईने उचलून बसवलेली आहेत, कुठली ते कळत नाही एवढंच.

आणि त्याच रमाबाई तू ईस्टरला माझ्यासमोर आणून उभ्या केल्यास.

चर्चमध्ये मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणायला सगळे उठले आणि तू बसून राहिलीस. मला वाटलं चक्कर आली की काय. मग प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं, तेही तू न घेता पुढे सरकवलंस. तुझ्या पलीकडे आत्या बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, पण घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते आणि लोक काय म्हणतील हेच मी आधी बोलले. ते चुकलंच. तू तेव्हा मटणाचा कांदा परतत होतीस, मान खाली घालून म्हणालीस की मम्मी, जे पटत नाही ते मी देवासमोर उभी राहून म्हणणार नाही. येशू मोठा होता, त्याच्यासारखं कोणी झालं नाही, पण तो देव होता हे मला म्हणवत नाही. आणि मी एकटी नाही, रमाबाईंनाही पटत नव्हतं.

मला वाटलं तू खोटं बोलतेयस. आमच्या घरात त्यांचा फोटो होता, त्यांच्याबद्दल असलं कोणी कधी सांगितलं नव्हतं. नंतर तू ठेवून गेलेली त्यांच्या इंग्रजी पत्रांची झेरॉक्स मी पूर्ण वाचली, डिक्शनरी घेऊन, तीन आठवडे लागले. खरंच आहे. 1883 ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षांत तिथल्या मठातल्या जेराल्डिन सिस्टरशी आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजातल्या बील बाईंशी भांडतायत, त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे शास्त्रात कुठे लिहिलंय दाखवा, ख्रिस्त आणि देव एकच असं मी का म्हणू. सिस्टर म्हणते हा तुझा गर्व आहे. आणि ही सत्तावीस वर्षांची विधवा, कडेवर मुलगी मनोरमा, कानांनी कमी ऐकू येतंय, लिहिते की आमच्याकडच्या भटांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता दुसरं तसलंच घालून घेणार नाही.

खरं सांगू, ते वाचताना तू कांदा परतताना जशी उभी होतीस तशीच त्या मला दिसल्या. आणि मला तुझा अभिमान वाटला. हे तोंडावर बोलले नाही कारण बोलले असते तर तुला वाटलं असतं मी मान्य केलं. मान्य नाहीच करत मी. पण माझी मुलगी पटत नाही म्हणून बसून राहते, उभी राहून खोटं बोलत नाही, हे मला कळतं गं.

त्याच रमाबाईंनी पुढे काय लिहिलं तेही तुला माहितीये, तरी तू ते त्या दिवशी सांगितलं नाहीस. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! म्हणून तुला मी घाई करत नाही. नाही म्हणजे करतेच आहे, हे वाचून तुला तसंच वाटणार, माफ कर.

तू तेव्हा निकीयाच्या सभेचंही बोललीस, 325 साली एका बादशहाने बिशप गोळा करून मतं घेतली आणि येशूला देव केलं. माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं म्हणून मी आवाज चढवला. मग पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले वाद चांगला माणूस की देव असा नव्हताच. ज्याच्या शिकवणीवरून तो वाद झाला तो आरियससुद्धा येशूला साधा माणूस मानत नव्हता, सगळ्या सृष्टीच्या आधीचा मानायचा, फक्त पित्याने निर्माण केलेला, पित्याच्या बरोबरीचा नाही. आणि दुसरं त्यांनी सांगितलं ते मला फार लागलं. निकीया ज्या बिथुनिया प्रांतात होतं तिथेच त्या सभेच्या दोनशे वर्षं आधी प्लिनी नावाचा रोमी सुभेदार होता. त्याने बादशहाला पत्र लिहिलंय की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गाणी म्हणतात. खरं काय ते काढायला त्याने दोन दासींचा छळ केला, मंडळीत सेवा करणाऱ्या बायका होत्या त्या. त्यांची नावंसुद्धा त्याने लिहिली नाहीत. सोनू, त्या दोघींना कुठल्या बादशहाने शिकवलं होतं? त्या कोणासाठी मार खात होत्या?

बघ, झालं माझं भाषण सुरू. शाळेत वचनपाठांतराच्या स्पर्धेला तुला तयार करायचे तसं चाललंय. त्या दिवशीही तेच झालं, तू म्हणालीस येशू स्वतःच म्हणतो माझा पिता माझ्यापेक्षा थोर आहे, मी म्हटलं त्याच्या शिष्याने, थोमाने काय म्हटलं, माझा प्रभू व माझा देव, आणि येशूने त्याला थांबवलं नाही. दोघी वचनं फेकत राहिलो आणि कांदा करपला.

शेजारच्या कुलकर्णी काकूंना यात काही अडचणच दिसत नाही. त्यांच्या देव्हाऱ्यात दत्तामागे येशूचा फोटो आहे, त्यांना मी म्हटलं मुलगी येशूला देव मानत नाही म्हणते तर त्या म्हणाल्या अहो, का नाही, तोही अवतारच की. आणि हॉस्पिटलात माझ्याबरोबरच्या शेख सिस्टर, त्यांना ईसा नबी म्हणून इतका प्यारा, कुमारी मरियमचा मुलगा म्हणून मानतात, पण देवाचा मुलगा म्हटलं की तौबा करतात. एकीला तो देव मानायला सोपा कारण देव पुष्कळ, एकीला अवघड कारण देव एकच. आम्ही दोन्ही धरून बसलोय, एकच देव आणि येशू देव. तुला ते पेलत नाही म्हणालीस तर मी काय मोठी पेलणारी लागून गेले, मला समजवून सांगता येत नाही. मला फक्त हाक मारता येते.

आणि तेच माझं दुखणं आहे. तू आता तिकडे एकटी. रात्री कधी घाबरलीस, ताप आला, तर तू कोणाला हाक मारणार?

चौथीत असताना तुला टायफॉइड झाला होता, आठवतं? माझी नाइट ड्यूटी होती आणि पप्पा तुझ्या उशाशी बसायचे. तू तापात येशूबाप्पा, येशूबाप्पा करायचीस. पप्पा म्हणायचे आलाय, बसलाय बघ इकडे, आणि तू भिंतीकडे थोडी सरकायचीस, त्याला जागा करून द्यायला. सकाळी मी आले तर ही एवढीशी भिंतीला चिकटून झोपलेली आणि अर्धा पलंग रिकामा.

माणूस चांगला होता आणि मेला, तर त्याला जागा कशी करून देणार गं. चांगल्या माणसांचं आपण ऐकतो. ते आपलं ऐकत नाहीत, गेले ते गेले. माझा सगळा विश्वास एवढ्यावर उभा आहे, तो ऐकतो म्हणून. तेहतीस वर्षं वॉर्डात काढली, रात्री अडीच-तीनला माणूस कोणाला तरी हाक मारतोच. बहुतेक सगळे आई गं म्हणतात. पारनेरकडचे एक माळकरी बाबा होते, रात्रभर विठ्ठला विठ्ठला. एक आजी या अल्लाह म्हणत माझं मनगट सोडायची नाही. मी त्यांच्यासाठी मनातल्या मनात येशूकडे मागायचे आणि खरं सांगते, त्यांचं कोणी ऐकत नाहीये असं मला एकदाही वाटलं नाही. मग तुझीच काळजी का, असं तू विचारशील. मला उत्तर येत नाही. ते कोणाला तरी हाक मारत होते एवढं मला दिसत होतं. तू कोणाला मारतेस ते मला दिसत नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. हे सगळं रमाबाईंच्या पत्रांमधून आलेलं नाही हे मला कळतं. हे पप्पांच्या वेळेपासूनचं आहे. एप्रिल 2021. मी दुसऱ्या वॉर्डात पीपीई घालून आणि ते खाली ऑक्सिजनवर, आणि तू घरी गुडघ्यावर, अकरा दिवस. दादा सांगतो तू जेवतसुद्धा नव्हतीस. कबरस्तानात दोघांनाच सोडलं, गीत मोबाइलवर लावलं होतं आणि मध्येच कुणाचा तरी फोन आला त्यावर. घरी आल्यावर तू मला विचारलंस, तो देव होता तर आला का नाही? आणि मी म्हटलं देवाची इच्छा.

सोनू, मला माफ कर. मी थकले होते, तोंडावरचे मास्कचे वळ अजून गेले नव्हते, आणि जे लोक मला म्हणत होते तेच मी तुला दिलं. ते उत्तर नव्हतं. तू शोधत होतीस आणि मी दार लावलं. शास्त्रात लाजराची बहीण मार्था तेच म्हणते नं, प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तिला येशू असं तोडून टाकत नाही. तो कबरेपाशी जातो आणि रडतो. मी तुझ्याबरोबर रडायला हवं होतं, मी भांडी घासायला गेले.

त्या रात्री मोरीत मीही हाक मारली होती. प्रार्थना नाही, मतांगीकार नाही, नुसतं नाव, दोनतीनदा. काही झालं नाही. नळ चालू होता. पण मला एकटं वाटलं नाही, एवढंच सांगू शकते, याच्यावर तू पीएचडीतल्यासारखे प्रश्न विचारलेस तर मी हरेन.

तिकडच्या चर्चमध्ये जायचं तर जा, नसेल जायचं तर नको जाऊस, आत्यांना काय सांगायचं ते मी बघते. मतांगीकाराला बसून राहा. फक्त रात्री एकटी गप्प पडून राहू नकोस. मला फोन कर, तिकडे मध्यरात्र म्हणजे इथे पहाट, मी उठलेलीच असते.

शास्त्र मी परत कपाटात ठेवलेलं नाही, टेबलावरच आहे त्याच टॉवेलात. दादा शनिवारी कुरिअरवाल्याकडे जाणार आहे. मेतकूट आणि चटणी पाठवतेच आहे. शास्त्र त्यात घालू की नको ते शुक्रवारपर्यंत कळव. नको म्हणालीस तर नाही घालणार, विचारल्याशिवाय तर नाहीच.

तुझी,
मम्मी