हॉस्पिसमध्ये जायला निघालेल्या मुलीस

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

आठवड्यातून एक दुपार हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या आजारात शेवटचे दिवस काढणाऱ्यांच्या सेवागृहात, स्वयंसेवक म्हणून जाण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार बरे वाटले. तिथे जाऊन रुग्णांशी नेमके काय बोलायचे, असे तू विचारले आहेस. नऊ वर्षांपूर्वी मी हे काम सुरू केले तेव्हा मलाही हाच प्रश्न सतावत होता, आणि त्यापायीच माझ्या हातून पहिली मोठी चूक घडली.

एक वृद्ध गृहस्थ होते. उपचार थांबवले आहेत, हे त्यांना ठाऊक होते. मी तिसऱ्यांदा भेटायला गेले, तेव्हा पांघरुणाचा काठ बोटांनी चाळवत त्यांनी विचारले, "आता फार दिवस उरले नाहीत ना?" मी घाईघाईने म्हटले, "असे बोलू नका, तुम्हाला लवकरच बरे वाटेल." त्यांनी मान भिंतीकडे वळवली, आणि मी जायला उठेपर्यंत ती तशीच राहिली. हाच प्रश्न त्यांनी रात्री परिचारिकेलाही विचारला. तिने खुर्ची पुढे ओढली आणि "तुम्हाला काय वाटते?" एवढेच म्हटले. त्यावर ते आपल्या दुरावलेल्या भावाविषयी कितीतरी वेळ बोलत राहिले, हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. त्यांना बोलायचे होते. मी खोटा धीर देऊन त्यांचे तोंड बंद केले होते. अर्थात, किती दिवस उरले आहेत हे सांगणेही आपले काम नव्हे, ते डॉक्टरांचे. आपण प्रश्न टाळू नये आणि उत्तराची घाईही करू नये.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवातच मुळी अशा ऐकण्यातून झाली, असे मला वाटते. सिसिली सॉन्डर्स या मूळच्या परिचारिका, पुढे रुग्णालयातल्या समाजसेविका. पोलंडहून लंडनला आलेला डेव्हिड टास्मा नावाचा एक निर्वासित कर्करोगाने मरणपंथाला लागला होता, तेव्हा त्या त्याच्या उशाशी जाऊन बसत. मरणाऱ्या माणसांसाठी कसे घर असावे, याविषयी दोघे बोलत. 1948 साली तो गेला, तेव्हा त्या घराची एक खिडकी आपली असावी म्हणून 500 पौंड ठेवून गेला. पुढे सिसिलीबाई संध्याकाळच्या वेळी अशाच एका सेवागृहात स्वयंसेवा करू लागल्या. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळेला मॉर्फीन दिले, तर रुग्ण शुद्धीत आणि शांत राहू शकतो, हे त्यांनी तिथे पाहिले. मग त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या, 1957 मध्ये डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. दुखणे केवळ शरीराचे नसते, त्यात भीती, एकटेपणा, घरच्यांची काळजी आणि आयुष्याच्या अर्थाचे प्रश्नही मिसळलेले असतात, ही त्यांची शिकवण. यातला औषधाने न हटणारा भाग बराचसा सोबतीचा असतो, आणि तिथे तुझी गरज आहे.

ही सोबत पुष्कळदा अगदी लहान कामांतून होते. एका आजींचा चष्मा बोटांच्या ठशांनी इतका धुरकटला होता की त्यांना समोरचे माणूस ओळखू येत नव्हते, आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. मी तो धुऊन, मऊ कापडाने पुसून त्यांच्या कानांवर नीट बसवला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, तू तर माझ्या मुलीच्या वयाची आहेस."

शेवटच्या दिवसांत भूक आणि तहान आपोआप मंदावते. नातेवाईक चमचा घेऊन आग्रह करतात, तेव्हा त्यांना दटावू नकोस; तो त्यांच्या मायेचा आग्रह असतो. गिळता येत नसताना पाणी पाजले तर ठसका लागतो, म्हणून परिचारिकेला विचारून ओठ आणि जिभेची कड ओल्या बोळ्याने हळुवार टिपावी, आणि शक्य असेल तर ते काम त्या नातेवाइकालाच करू द्यावे. श्वास मध्येच थांबतो, आपण मनात आकडे मोजू लागतो, आणि तो पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा हे पाहताना तू घाबरशील. हात-पाय गार पडतात, घशात घरघर होते. हे सारे आधीच ठाऊक असले तर खोली सोडून पळावेसे वाटत नाही. हाकेला ओ न देणाऱ्या माणसाशीही बोलत राहा. कॅनडातल्या एका हॉस्पिसमध्ये झालेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिसाद देणे थांबलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत आवाजाची नोंद होत असल्याचे त्यात दिसले. म्हणूनच उशाशी उभे राहून त्यांच्याविषयी कुजबुजणे मला मुळीच खपत नाही.

औषध देऊ नकोस, उपचारांवर मत देऊ नकोस, ऐकलेले घरी आणून सांगू नकोस, मलाही नाही. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊ नकोस.

पहिला मृत्यू पाहशील त्या दिवशी लगेच दुसऱ्या खोलीत जाऊ नकोस. समन्वयकांना सांग, थोडा वेळ बाहेर बस, रडू आले तर रड. मी त्या वेळी कामाला जुंपून घेतले आणि पुढचे दोन आठवडे झोपेविना काढले.

आणि मनगटावरचे घड्याळ काढून पिशवीत ठेवत जा. तू त्याच्याकडे नुसते ओझरते पाहिलेस, तरी पलंगावरच्या माणसाला ते दिसते, आणि तो बोलायचा थांबतो.

तुझी,
आई